'ज्युरर नंबर टू'मधला जस्टिन बिचारा वगैरे अजिबात नाही

रातकिडा
काल इथंच 'शेवटचं दार' यांनी क्लिंट ईस्टवुडच्या 'ज्युरर नंबर टू' या सिनेमाबद्दल लिहिलेलं वाचलं आणि रात्रभर डोकं तापलं. त्यांचं म्हणणं असं: जस्टिन केम्प हा कात्रीत सापडलेला सज्जन माणूस. पावसात गाडीला काहीतरी धडकलं, त्याला वाटलं हरीण. पुढं एका मुलीच्या खुनाच्या खटल्यात तो ज्यूरीत, म्हणजे दोषी की नाही ते ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत, बसतो आणि कळतं की धडकली ती तीच; आरोपी मात्र तिचा प्रियकर साईथ. बायकोचे दिवस भरत आलेत, आधीची जुळी गेलीत, दारू कष्टानं सोडलीय. त्यानं तोंड उघडून तिघांचं वाटोळं करायचं का? ईस्टवुडनं शेवटी सरकारी वकील फेथला त्याच्या दारात उभं करून उगाच छळ मांडला. खाली बदामांचा पाऊस.

अहो, तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये केंडल कार्टरचं नाव एकदाही नाही. मेली ती. पुलाखाली पडली होती ती.

खटला सुरू होईपर्यंत जस्टिनला काही माहीत नव्हतं, हे कबूल. ज्यूरीतून सुटायचाही त्यानं प्रयत्न केला, न्यायाधीशांनी सोडलं नाही, तेही कबूल. पण सरकारी वकिलाच्या पहिल्याच भाषणात त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि तिथून पुढचं प्रत्येक पाऊल त्याचं स्वतःचं आहे. हॅरल्ड हा निवृत्त पोलिस त्या सुमारास दुरुस्तीला गेलेल्या गाड्यांची यादी काढतो. बारा जणांत खऱ्याच्या जवळ पोचलेला हा एकटा. त्याचे कागद जस्टिन मुद्दाम पाडतो, कोर्टाच्या शिपायाला दिसावेत म्हणून. ज्यूरीतल्या माणसानं स्वतः तपास करायचा नसतो, त्यामुळं हॅरल्ड ज्यूरीतून बाहेर! ही वेळ होती का हरीण समजायची?

आणि तुम्हाला त्याची दया का येते, सांगू? तो निकोलस होल्ट आहे, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि बाळाची खोली सजवतो. साईथ पूर्वी टोळीत होता, ड्रग्ज विकायचा, बारमध्ये पोरीवर ओरडला. ज्यूरीनं त्याला तोंडावरून दोषी ठरवलं, तुम्ही जस्टिनला तोंडावरून सोडलंत. ९४ वर्षांच्या म्हाताऱ्यानं सापळा लावला आणि तुम्ही त्यात पाय घालून वर बदाम वाटलेत.

शेवटचं दार
वा, आमच्या नावानं स्वतंत्र धागा. आभारी आहे.

लॅरी त्याला काय सांगतो ते ऐकलंत का? तो वकील आहे, वर त्याचा व्यसनमुक्तीतला पाठीराखा. तो म्हणतो, तुझ्या नावावर आधीची दारू पिऊन गाडी चालवल्याची केस आहे, त्या रात्री तू बारमध्ये होतास, ग्लास समोर होता. प्यायला नाहीस यावर कुत्रंही विश्वास ठेवणार नाही. म्हणजे खरं बोललं तर जे घडलंच नाही त्याची शिक्षा. ज्या व्यवस्थेत खरं बोलणाऱ्याला अपघाताऐवजी खुनाच्या भावात मोजतात, तिथं गप्प बसणाऱ्यालाच एकट्याला आरोपी करणं सोपं असतं. तुम्ही त्या खुर्चीत असता तर उठून उभे राहिला असता? छातीवर हात ठेवून सांगा.

रातकिडा
कदाचित नसतो राहिलो. मग मीही दोषी. त्यानं जस्टिन निर्दोष कसा होतो?

फुकट सल्ला
ठाण्यात वकिली करतो, म्हणून दोन शब्द. कबुलीजबाब किंवा गप्प बसणं, असे दोनच रस्ते तुम्ही दोघांनी धरलेत. तिसरा होता. अमेरिकेत फौजदारी खटल्यात ज्यूरीचं एकमत लागतं. २०२०च्या रामोस विरुद्ध लुइझियाना निकालानंतर तर सगळ्याच राज्यांत. जॉर्जियात बारा जण बसतात. जस्टिननं शेवटपर्यंत फक्त "दोषी नाही" एवढंच म्हटलं असतं तर ज्यूरी अडकली असती, खटला रद्द. स्वतःबद्दल एक अक्षर सांगायची गरज नाही.

त्यानं ते का केलं नाही? कारण खटला पुन्हा उभा राहिला तर तपासही पुन्हा उघडू शकतो, आणि तपास उघडला की गाडी सापडते. म्हणजे साईथची जन्मठेप ही जस्टिनची नाइलाजाची गोष्ट नाही, त्याची सोय आहे. या मुद्द्यावर रातकिडा बरोबर आहेत, जरी भाषा चौकातली असली तरी.

रातकिडा
चौकातली भाषा मान्य. फी किती झाली?

जर्सीकर
मी बसलोय ज्यूरीवर. नागरिकत्व घेतलं आणि काही दिवसांतच समन्स, आमच्या ग्रुपमध्ये यावरून फार चेष्टा झाली. सिनेमातली ती खोली बघून घाम फुटला, कारण ती अगदी तशीच असते. एकाला मुलीला पाळणाघरातून आणायचंय, एकीची पाळी दुकानात बुडतेय, एकजण पहिल्या तासालाच म्हणतो "माझं ठरलंय". आमचा खटला चोरीचा होता. शुक्रवारी दुपारी तीननंतर पुराव्याबद्दल कोणी बोलत नव्हतं, सगळे घड्याळाबद्दल बोलत होते. ज्या बाईला शंका होती ती चार वाजता म्हणाली, "ठीक आहे, तुम्ही म्हणता तर." त्या मुलाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मिळणाऱ्या पैशांत पार्किंगही निघत नाही हे वेगळंच.

म्हणून सिनेमात शेवटची चर्चा दाखवलीच नाही आणि एकदम "दोषी" असा निकाल ऐकवला, ते मला सगळ्यांत खरं वाटलं. लोकांना वाटलं पटकथेत भोक आहे. नाही हो. त्या खोलीत शेवटी काहीच घडत नाही, फक्त माणसं दमतात.

भडंग
एवढं सगळं वाचून एकच वाटलं, आपल्याकडं ज्यूरी नाही ते किती बरं! नानावटीनं माणूस मारला आणि ज्यूरीनं ८ विरुद्ध १ मतांनी सोडला, कारण गणवेशातला देखणा नौदल अधिकारी. त्या एका केसमुळं सरकारनं ज्यूरीच बंद केली. विषय संपला.

फुकट सल्ला
विषय संपत नाही, कारण ही दंतकथा आहे. १९५८च्या विधी आयोगाच्या चौदाव्या अहवालातच ज्यूरी बंद करा अशी शिफारस होती. नानावटीनं गोळ्या झाडल्या एप्रिल १९५९ला. त्यानंतरही काही वर्षं देशात ज्यूरीसमोर खटले चालले. फौजदारी प्रक्रिया संहितेतून ती गेली १९७३च्या कायद्यानं, जो १९७४च्या एप्रिलपासून लागू झाला. आणि ज्यूरीनं सोडलं तरी तो सुटला नाही. सेशन जज मेहतांनी तो निकाल न स्वीकारता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथं जन्मठेप झाली, सुप्रीम कोर्टानं १९६१मध्ये ती कायम केली. सोडलं ते १९६४मध्ये राज्यपालांनी माफी देऊन. ज्यूरीला कशाला शिव्या?

शिवाय पारशी घटस्फोटाच्या खटल्यात आजही डेलिगेट बसतात, पाच. तीही ज्यूरीच.

भडंग
बरं बाबा, तारखा चुकल्या. मुद्दा चुकला नाही. सामान्य माणसाला तोंड बघून निकाल देण्यापलीकडं काही जमत नाही. 'एक रुका हुआ फैसला' बघून सगळ्यांना वाटतं आपणच ज्यूरीतला तो एकटा शहाणा.

गच्चीवरून
तो सिनेमा १९८६चा. तेव्हा आपल्याकडं ज्यूरी उरलीच नव्हती! बासू चटर्जींनी खुशाल बारा जण कोंडले आणि आपण खुशाल बघितले. आणि मूळच्या '१२ अँग्री मेन'मधला हिरो बाहेरून चाकू विकत आणून टेबलावर ठेवतो. स्वतः तपास केला म्हणून इथं हॅरल्डला हाकललं, त्या हिशेबानं १९५७मध्येच तो हिरो घरी जायला हवा होता. इतकी वर्षं आपण चुकीच्या माणसाला टाळ्या वाजवतोय.

कागदी घोडा
सामान्य माणसाला अक्कल नाही म्हणणाऱ्या भडंगरावांना विचारतो, मतदानाला अक्कल लागते का? तिथं बरा चालतो सामान्य माणूस. आणि न्यायाधीश काय आकाशातून पडतात? १९०८ला टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, ज्यूरी ७ युरोपीय आणि २ पारशी. निकाल ७ विरुद्ध २. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली, लोकमान्य मंडालेला. एकमताची अट असती तर त्या निकालावर पाठवता आलं असतं का? त्याआधी १८९७लाही तेच, ६ विरुद्ध ३. तीन हिंदी माणसं "दोषी नाही" म्हणाली आणि त्यांचं मत कचऱ्यात. वांधा ज्यूरीत नव्हता, बहुमतात होता.

भडंग
झालं! क्लिंट ईस्टवुडच्या धाग्यावर टिळक आले. आता शिवाजी महाराज कधी येणार तेवढं सांगा, चहा टाकून येतो.

कागदी घोडा
तुमच्यासारख्यांना सगळ्याची थट्टा सुचते. वाचायचं नाही, ऐकीव नानावटी ठोकून द्यायचा आणि कोणी दुरुस्त केलं की चहा. आधी चौथीचं पुस्तक काढा.

भडंग
पुस्तकाचं मला शिकवू नका. माझा बाप तालुका कोर्टात बेलिफ होता, मी कोर्ट तुमच्यापेक्षा जास्त बघितलंय.

पेन्शनर ७१
कोर्टाचा विषय निघालाच आहे म्हणून. ज्यूरी गेली पण पंच राहिले. आम्हा सरकारी नोकरांना पोलिस कधीही उचलून नेत, "साहेब, दोन मिनिटं, फक्त सही." पंचनाम्यावर सही केली की साक्ष निघते कित्येक वर्षांनी, तोवर तुमची बदली चार जिल्हे ओलांडून झालेली. रजा घेऊन जा, तारीख पुढं ढकललेली. पुन्हा जा. आरोपीचा मेहुणा एसटी स्टँडवर भेटून "काका, एवढं सगळं कुठं लक्षात राहतं" असं प्रेमानं सांगतो. मी सगळं सांगितलं, तर बचाव पक्षाचे वकील म्हणाले हा पोलिसांचा ठरलेला पंच. भत्त्याचं बिल आजतागायत मंजूर नाही. पाच मिनिटं पिंजऱ्यात उभं राहून बघा, मग जस्टिनला नावं ठेवा.

रातकिडा
काका, तुम्ही खरं सांगितलंत ना? मग जस्टिनची बाजू का घेताय? तुम्ही तर माझे साक्षीदार.

पेन्शनर ७१
बाजू घेत नाही. भत्त्याबद्दल बोलतोय.

मीनाक्षी
इतका वेळ वाचत होते. आमचे धाकटे काका २००९मध्ये हायवेवर गेले. सायकलवर होते, रात्रीची वेळ. पेपरात "अज्ञात वाहनाची धडक" अशी चार ओळींची बातमी. गाडी कधी सापडली नाही. तेव्हा अज्ञात वाहनाच्या मृत्यूला सरकारी भरपाई २५ हजार होती. आता २ लाख आहे म्हणे. काकू कित्येक वर्षं प्रत्येक ट्रकवाल्याकडं बघायची.

त्या ड्रायव्हरलाही वाटलं असेल कुत्रं असेल, डुक्कर असेल. त्यालाही बायको असेल, ती गरोदरही असेल. मला काय त्याचं? शेवटचं दार, तुम्ही "तिघांचं आयुष्य" लिहिलंत ना, आमच्या घरातली मोजायला घेतली तर तिघांवर थांबत नाहीत.

शेवटचं दार
मीनाक्षीताई, तुमच्या काकांबद्दल वाईट वाटलं. पण एक सांगते. जानेवारी २०२४मध्ये ट्रक ड्रायव्हर संपावर गेले तेव्हा आठवतं? नव्या कायद्यात अपघात करून न कळवता पळालं तर दहा वर्षं, म्हणून. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि तेव्हा इथले हेच लोक "ड्रायव्हर थांबला तर जमाव ठेचून मारतो, तो थांबणार कसा" म्हणत होते. ते कलम आजही अंमलात आणलेलं नाही. म्हणजे भीतीनं पळणं समजून घ्यायचं, पण ट्रकवाल्याचं, जस्टिनचं नाही?

मीनाक्षी
मी तेव्हाही तसं म्हटलं नव्हतं. जमावाला घाबरून पळालास, ठीक. पोलिस स्टेशन लागतंच ना पुढं. जस्टिनसमोर तर जमावही नव्हता.

भडंग
आणि पुण्याचा कल्याणीनगरचा अपघात विसरलात? मे २०२४. दोन जीव गेले आणि अल्पवयीन पोराला जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध. तिथं कुठं ज्यूरी होती? कागदी घोडे, तुमच्या बाजूचा मुद्दा देतोय, फुकट.

कागदी घोडा
स्वीकारला. चहा टाकलात तर अर्धा कप इकडं.

शेवटचं दार
बरं. हॅरल्डच्या कागदांचा प्रसंग मी लिहिताना गाळला होता, कारण तो आठवला की मला जस्टिन आवडेनासा होतो. घ्या, लिहून दिलं. पण पॅरोलशिवायची जन्मठेप साईथला झाली म्हणून तीच जस्टिनला व्हायला हवी, हे मला कधीच पटणार नाही. तेवढं तुम्ही माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

रातकिडा
काढून कोण घेतंय? मी शिक्षा मागितलीच नाही. मी एवढंच म्हणतोय की त्याला बदाम देऊ नका.

फुकट सल्ला
शेवटाबद्दल कोणी बोलायच्या आत मीच बोलतो. फेथ दारात येते तेव्हा अटक करायला आलीय, असं समजणाऱ्यांनी जरा विचार करा. निवडून आलेली डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे तिथली मुख्य सरकारी वकील, अटकेला स्वतः जात नाही, पोलिस जातात. ती एकटी येते. जो खटला जिंकून ती त्या खुर्चीवर बसली, तोच तिला आता मोडायचाय. तिचंही जस्टिनसारखंच आहे, फक्त तिला कोणी गरोदर बायको दिलेली नाही म्हणून इथं तिची दया कोणाला आली नाही.

गच्चीवरून
मला आली होती. पण टोनी कोलेट आणि होल्ट 'अबाउट अ बॉय'मध्ये मायलेक होते, ते आठवून मी हसत बसलो आणि शेवटचं मिनिट हुकलं.

मीनाक्षी
वकीलसाहेब, तिची दया येऊ दे की न येऊ दे, दार तिनं वाजवलं. आमच्या काकूचं कोणी वाजवलं नाही.