अनुभव धागा: सौर प्रकल्प शेजारी आला, गावाला काय मिळालं?

धागाकर्ती, साक्री, जि. धुळे

आमच्या तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा (राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा) 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 साली सुरू झाला. ब्राह्मणवेलच्या डोंगरांवर पवनचक्क्या त्याच्याही आधीपासून आहेत. ऊन आणि वारा दोन्ही राज्याला देणारा आमचा तालुका, याचा मला अभिमान आहे. पण एवढ्या मोठ्या प्रकल्पाची वीज राज्याच्या जाळ्यात जाते, शेजारच्या वावरातल्या मोटरीला ती थेट मिळत नाही. त्यामुळे पॅनेल नजरेसमोर असूनही आमच्याकडचे लोक पुढे कितीतरी वर्षं पाळी येईल तसं रात्री कांद्याला पाणी भरत राहिले. प्रकल्प किती मोठा यापेक्षा तो कोणत्या फीडरला (उपकेंद्रातून गावाशिवारात वीज नेणाऱ्या वाहिनीला) जोडलाय, यावर शेजाऱ्याचा फायदा ठरतो असं माझं ठाम मत झालंय.

2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथून सुरुवात झाली, 2023 मध्ये दुसरा टप्पा आला. उपकेंद्राच्या जवळच काही मेगावॅटचे पॅनेल लावायचे आणि ती वीज तिथल्याच शेतीच्या फीडरला द्यायची, अशी ती रचना. आता बऱ्याच जणांच्या गावाशेजारी असे प्रकल्प उभे राहिलेत. तुमच्याकडे काय बदललं? वीज, भाडं, रोजगार, चराई, सगळ्याबद्दल लिहा. स्वतः पाहिलेलं लिहा, ऐकीव नको.

कापूस-कांदा, वैजापूर तालुका

दुसऱ्या टप्प्यातला राज्यातला पहिला प्रकल्प 2024 मध्ये आमच्याच तालुक्यात, धोंदलगावला सुरू झाला, 3 मेगावॅटचा. मी त्या फीडरवर नाही, पण नंतर आमच्या उपकेंद्रालाही पॅनेल जोडले गेले.

आधीचं सांगतो, म्हणजे फरक कळेल. काही दिवस दिवसा आठ तास लाईट, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की डोक्याला बॅटरी, पायात गमबूट, खांद्यावर फावडं. जानेवारीच्या थंडीत गव्हाला पाणी द्यायचं म्हणजे पाय बधिर होतात, आणि पाय बधिर झाला की खाली काय आलं तेही कळत नाही. आमच्या शिवारात सर्पदंशाने माणसं गेलीत. सरी पुरती भरली का, हे बॅटरीच्या उजेडात नीट दिसत नाही. दारं (सरीत पाणी वळवायचा मातीचा बांध) फुटलं की पाणी शेजाऱ्याच्या वावरात, आणि सकाळी भांडण. सालगडीसुद्धा रात्रीच्या पाण्याला नको म्हणायचे.

हे टाळायला सगळ्यांनी ऑटोस्विच लावले. मग लाईट आली की शिवारातल्या साऱ्या मोटरी एकाच वेळी सुरू, डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) एकदम भार. डीपी जळाली की ती बदलून येईपर्यंत पीक माना टाकतं. विहिरीला पाणी नसेल तर मोटर कोरडी फिरून जळते ते वेगळंच.

आता सकाळी नऊच्या सुमारास थ्री फेज (मोटर चालवणारी वीज) येते ती संध्याकाळपर्यंत. चालू-बंद हाताने करतो. उजेडी पाणी दिलं की कुठं मर आलीय, कुठं करपा पडलाय, हेही तेव्हाच दिसतं. रात्री घरी झोपतो. पोरं अभ्यासाला बसतात तेव्हा मी घरात असतो. काय मिळालं असं कुणी विचारलं तर एवढं सांगूनही माझं उत्तर हेच की हा प्रकल्प आमच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

घरची, गंगापूर तालुका

वरच्या दादांचं पटलं. एक बायकांच्या बाजूने सांगते. पूर्वी आमचे हे रात्री पाण्याला गेले की परत येईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. ती काळजी गेली, आणि त्या काळजीची किंमत पैशात होत नाही. पण दिवसा वीज आल्यापासून दारं धरायचं काम हळूहळू माझ्याकडे आलंय. निंदणी, गुरं, स्वयंपाक आहेच, त्यात आता पाणी. तरीही मला जुनी पद्धत परत नकोच. घरातल्या पुरुषांनी दुसरी कामं वाटून घ्यावीत, एवढंच म्हणणं आहे.

ऊसवाला, जुन्नर

आमच्या फीडरवर अजून सौर वीज नाही. उसात बिबट्या आहे, मादी पिल्लांसह उसातच राहते. रात्री पाण्याला एकट्याने जायचं नाही असं घरात ठरलंय, म्हणून दोघं जातो. म्हणजे दोन माणसांची झोप. वैजापूरकरांचं वाचून मनापासून वाटलं, आमच्याकडे हे लवकर व्हावं.

माळरानवाले, तुळजापूर तालुका

आम्ही जमीन दिली. खडकाळ माळ, पावसाळ्यात थोडं गवत, बाकी काही नाही. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ आहे, म्हणजे एकरी साधारण 50 हजार. त्या माळावर आमच्या आजोबांपासून कुणी एवढं पीक काढलं नव्हतं. दुष्काळात चारा विकत घ्यायला याच भाड्याचे पैसे कामी आले.

जे देणार आहेत त्यांना कळकळीने सांगतो. सातबाऱ्यावरची नावं आधी नीट करा. बहिणींचा हिस्सा आहे, त्यांना बसवून बोला, भाडं त्यांच्याही खात्यात जाऊ द्या. करार मराठीत समजून घ्या, मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीट कोण काढणार ते लिहून घ्या. आणि बागायती जमीन देऊ नका. ज्या जमिनीत पाणी आहे तिथे पीकच यावं.

पावगडाला नोकरी, मूळ गाव लातूर

मी कर्नाटकातल्या तुमकुरू जिल्ह्यात पावगडाच्या सौर पार्कमध्ये देखभालीच्या कामावर आहे. 2,050 मेगावॅट, पाच गावांची मिळून सुमारे 13 हजार एकर जमीन. 2018 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. सरकारने जमीन विकत न घेता 28 वर्षांच्या भाडेकरारावर घेतली, एकरी वर्षाला 21 हजार, दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ. हा भाग पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी. भुईमूग हेच मुख्य पीक, तेही पावसावर. लोक बेंगळुरूला मजुरीला जायचे. भाडं सुरू झाल्यावर काही घरं परत आली, काहींनी पक्की घरं बांधली, मुलांना शिकायला पाठवलं. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे, याचा त्यांना मोठा आधार वाटतो.

पण ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांना भाडं कुठलं? भुईमूग काढणीची मजुरी गेली, शेळ्यांना चरायला रान राहिलं नाही. बांधकाम चालू होतं तोवर हाताला काम होतं. नंतर उरली ती गवत कापणं, पॅनेल पुसणं आणि पहारा, तीही मोजक्यांना. मी रोज ज्या बाईंना कुंपणाबाहेरून डोक्यावर सरपण घेऊन जाताना पाहतो, त्यांना या पार्कने काय दिलं हे मी विचारलं तर त्या काय म्हणतील, मला माहीत आहे. मोठ्या प्रकल्पाचा हिशोब करताना जमीनमालकाच्या पुढे जाऊन भूमिहीनापर्यंत तो गेला पाहिजे.

गायरान, बीड जिल्हा

लातूरच्या भावाने नेमकं लिहिलं. आमच्याकडे सौर प्रकल्पासाठी गायरान सुचवलं जातंय, कारण सरकारी जमीन नाममात्र भाड्याने देता येते. पण मराठवाड्यातल्या गायरानावर भूमिहीन दलित कुटुंबं पिढ्यांपासून बाजरी-तूर पिकवतात. 1959 आणि 1964 ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, ते याच हक्कासाठी. माझे आजोबा त्यात तुरुंगात गेले होते. कागदावर रिकामं दिसणारं गायरान प्रत्यक्षात रिकामं नसतं. मोजणीच्या दिवशी तिथं कोण राबतंय ते पाहा, मगच खांब रोवा. दिवसाची वीज आम्हालाही हवी आहे.

आयटीआयवाली, मोहोळ तालुका

मी इलेक्ट्रिशियन ट्रेड केला. गावाजवळ प्रकल्प आला तेव्हा ठेकेदाराने बाहेरची मुलं आणली, आम्हाला अनुभव नाही म्हणून परत पाठवलं. ग्रामसभेत विषय निघाला, मग आम्ही तिघीजणी प्रशिक्षणार्थी म्हणून लागलो. आज मी इन्व्हर्टरचे आकडे बघते, कोणती स्ट्रिंग (एकत्र जोडलेल्या पॅनेलची रांग) कमी वीज देतेय ते शोधते. ऊसतोडीनंतर पाचट पेटवलं की काजळी थेट काचेवर बसते आणि निर्मिती घसरते. पॅनेल तापलेले असताना पाणी मारायचं नाही, म्हणून धुणं पहाटे. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पांढरे डाग राहतात. पाणी किती लागणार आणि कुठून आणणार, हे गावाने आधीच विचारावं, उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या गावाने तर नक्कीच.

प्रश्न, दारव्हा

ढग आले की फीडर बंद पडतो का? आमच्याकडे हीच भीती घालतात.

निवृत्त वायरमन, नगर

नाही हो भाऊ. उपकेंद्राला 33 केव्हीची ग्रिडची (राज्याच्या वीजजाळ्याची) लाईन असतेच. पॅनेलची वीज 11 केव्हीच्या बाजूला येते, ती कमी पडली की उरलेली ग्रिडमधून घेतली जाते. पावसाळ्यात मोटरी बंद असतात तेव्हा जादा वीज उलट वर जाते. मात्र ग्रिडच गेली तर प्रकल्पही थांबतो, कारण लाईनवर आमची माणसं काम करत असतात, तारेत वीज असून चालत नाही. त्यामुळे वादळात पोल पडला तर पॅनेल असूनही लाईट जाणार. दुसरं, वीज जवळच तयार होते आणि जवळच वापरली जाते, त्यामुळे लांबच्या तारांतली गळती वाचते. मी आयुष्यभर रात्री फ्यूज टाकायला वावरात गेलोय. पुढच्या पोरांना ते कमी करावं लागेल याचा फार आनंद आहे.

मेंढपाळ कुटुंबातला, फलटण

आमच्या वाटेवर कुंपण आलं. मेंढरं आता डांबरी रस्त्याने फिरवून न्यावी लागतात, गाड्यांखाली जातात. कुणी विचारलं नव्हतं.

सरपंच, सिन्नर तालुका

फलटणच्या दादांसाठी मुद्दाम लिहिते. प्रकल्प उभा राहिलेल्या ग्रामपंचायतीला योजनेतून वर्षाला 5 लाख, असे तीन वर्षं मिळतात. आम्ही पहिल्या वर्षीच्या पैशातून शाळेच्या दोन खोल्या दुरुस्त केल्या आणि अंगणवाडीला पाण्याची सोय केली. पण पैशापेक्षा ठराव महत्त्वाचा ठरला. जागा देण्याआधी ग्रामसभेत लिहून घेतलं: मेंढ्यांची आणि पाणवठ्याची जुनी वाट कुंपणाबाहेर मोकळी राहील, आतलं गवत गावच्या बचत गटाला कापून न्यायला मिळेल, धुण्याचं पाणी पिण्याच्या विहिरीतून उचलणार नाही, आणि पहारेकरी व सफाईचं काम आधी भूमिहीन घरांना. कंपनीचे अधिकारी सुरुवातीला कुरकुरले, मग नकाशात वाट काढून दिली. ठरावाची प्रत कुणाला हवी असेल तर निरोप टाका, आपापल्या गावाप्रमाणे बदल करून घ्या. मात्र जमिनीचा ताबा देण्याआधी करा, नंतर कुणी ऐकत नाही.