क्युबन सिगार 'ओढतात' का?

हवानावरच्या एका प्रवासलेखाचा अनुवाद करते आहे. लेखक संध्याकाळी व्हरांड्यात बसून एकच जाडजूड सिगार तासभर पुरवतो. मी सगळीकडे 'ओढली', 'झुरका मारला' असं लिहिलंय आणि वाचताना मलाच खटकतंय. झुरका म्हटलं की टपरीवरची घाई डोळ्यांपुढे येते. दुसरा शब्द आहे का? आणि सिगारला सरळ चिरूट म्हणू का?

प्रतिसाद
चिरूट नको. तो शब्द तमिळ 'सुरुट्टु'वरून आला, म्हणजे गुंडाळी. चिरूट दोन्ही टोकांना उघडा असतो. क्युबन सिगारचं एक टोक पानाच्या टोपीने बंद केलेलं असतं, ते कापल्याशिवाय धूर येत नाही. तुमच्या लेखात कापण्याचा प्रसंग असेल तर चिरूट तिथेच अडेल. खुद्द क्युबात सिगारला 'ताबाको' म्हणतात. 'सिगार्रो' मागितलीत तर सिगारेट मिळेल.

आता क्रियापद. तुम्हाला खटकतंय ते बरोबर आहे, पण कारण घाईपेक्षा खोल आहे. 'ओढणे', 'दम मारणे' यांत धूर छातीत जातो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत. जिभेवर, टाळूला खेळवून सोडून देतात. कृती म्हणून 'गुळणी' अगदी जवळची, पण ती या वाक्यात शोभणार नाही. मी 'धूर तोंडात घोळवला' असं लिहीन. खडीसाखर घोळवतो तसा. 'चर्चिल' मापाची सिगार १७८ मिलिमीटर लांब आणि पाऊण इंचाला किंचित कमी जाड असते. मिनिटाला एखादा झुरका पुरतो. घाई केली की ती तापते आणि तोंड कडू होतं. शेवटाकडे चव आपोआप उग्र होत जाते. फ्रेंच शौकीन सिगारच्या तीन भागांना गवत, दिव्य आणि शेणखत म्हणतात! लेखकाने शेवटचा तुकडा टाकून दिला असेल तर त्याचं कारण हेच.

मूळ प्रश्नकर्ती
'घोळवला' फार आवडला, घेतला. 'तोरसेदोर'ला 'सिगार बनवणारा' म्हणू?

प्रतिसाद
'वळणारा' म्हणा. सोलापुरात, सिन्नरला बायका विड्या वळतात. कोणी 'बनवते' म्हणत नाही. स्पॅनिश 'तोरसेर' म्हणजेही पिळणे, वळणे. माझी आजी विड्या वळायची, म्हणून हा शब्द सोडवत नाही. आतल्या भरणाच्या पानांना तिकडे 'त्रिपा' म्हणजे आतडी म्हणतात आणि सगळ्यात वरच्या पानाला 'कापा', खांद्यावरून घ्यायचा झगा. 'आवरण' लिहिलंत तर हे अंग हरवेल. 'शेला' करून बघा.

आणखी एक
कारखान्यातला 'लेक्तोर' आला असेल तर 'वाचक' करू नका. १८६५ पासून हवानात वळणाऱ्यांना काम करताना वर्तमानपत्रं, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायला माणूस ठेवतात. वाचक स्वतःपुरतं वाचतो. हा 'वाचून दाखवणारा'.