सामन्यांच्या पैशातून दवाखान्याचा खर्च : तुमच्या मंडळाचे अनुभव लिहा

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, कबड्डी मंडळवाले. यंदा मंडप, माईक, पंचांचं मानधन आणि खेळाडूंची जेवणं वजा जाता हाती 23 हजार उरले. एरवी हे पैसे जर्सीत जातात. शिवाय एखादी पकड रंगली की लोक माईकवरून 51, 101 रुपयांचं बक्षीस लावतात, ते वेगळे. यंदा पोरांनी ठरवलं, गावातल्या आजारी माणसांसाठी लावू. ठरवायला पाच मिनिटं लागली. कोणाला आणि कसे द्यायचे यावर तीन बैठका झाल्या, दोघं रुसून बसले. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. फसलं असेल तर ते आधी लिहा.

—

गडचिरोलीकडचा आहे, मंडळाचा हिशोब मीच ठेवतो. आमच्याकडे मंडई म्हणजे गावची जत्रा भरली की दिवसा कबड्डी, रात्री नाटक. वडशाची नाटक कंपनी बोलवायची, तिकीट लावायचं, नफा-तोटा मंडळाचा. एका वर्षी नाटक तुडुंब गेलं. गावात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आजाराची, सात पोरं, म्हणून सात पाकिटं केली आणि वाटून मोकळे झालो. धान कापणीचे दिवस. पैसे मजुरीत आणि किराण्यात गेले. त्यात त्या घरांचा दोष नाही, आम्हीच विचार केला नव्हता.

पुढच्या वर्षी आशाताईला विचारलं. ती म्हणाली, "गोळ्या त फुकटच भेटते जी. पोट्टा रातच्याला वरडते तवा गाडी कोन देते?"

तेव्हापासून पैसे गाडीला. दोन जीपवाल्यांशी बोलून ठेवलंय. मंडळाची चिठ्ठी दाखवली की मध्यरात्रीही निघायचं, भाडं महिन्याच्या शेवटी आमच्याकडून. चिठ्ठीवर फक्त तारीख आणि कुठून कुठे, आजार लिहीत नाही.

हा आजार आईबापाकडून येतो. दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक धोका. अंगात पाणी कमी पडलं किंवा थंडी लागली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मग त्या कळा. आणि आमचे सामने ऐन थंडीत! आमच्या गुणफलकावर बसणारा पोरगा त्यातलाच. अंगात दोन स्वेटर, मांडीवर पाण्याची बाटली. मध्यंतरात पंच आधी बाटलीकडे बघतात, भरलेली दिसली की त्याच्यावर डाफरतात. 2023 च्या जुलैत सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तेव्हापासून सामन्याच्या दिवशी तपासणीवाल्यांना मैदानाला लागूनच टेबल देतो. पोरं वॉर्मअप सोडून रांगेत लागतात, कारण संघमालक म्हणतो, आधी बोट टोचून या.

—

मी कुठल्याच मंडळाची नाही, एका मुलीची आई आहे. शेजारच्या गावच्या मंडळाने आम्हाला 5 हजार दिले. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे आधीच सांगते. पण बक्षीस वाटताना माईकवरून तिचं नाव घेतलं, आजाराचं घेतलं, पुठ्ठ्याचा मोठा चेक तिच्या हातात देऊन फोटो काढला. रात्रीपर्यंत तो फोटो माझ्या माहेरच्या ग्रुपवर होता. पोरगी अकरावीत आहे. नणंद म्हणाली, "आता सोयरिकीचं कसं करायचं?" पुढच्या वर्षी त्यांनी फॉर्म पाठवला, मी तो कपाटात ठेवून दिला.

—

आमी अकोल्याकडचे, खारपानपट्ट्यातले. हापशीचं पानी तोंडात धरवत नाही. आमचं व्हॉलीबॉलचं मंडळ. गावात डायलिसिसवाले तिघं. डायलिसिस योजनेत फुकट होते, पन हप्त्यातून दोनदा शहरात जा लागते, अन् संगं एक मानूस लागते. त्या मानसाची मजुरी बुडते ना बाप्पा! म्हनून आमी पेशंटले काहीच देत नाही, संगं जानाऱ्याले त्या दिवसाची मजुरी देतो. यावर लय बोंब झाली. धडधाकट मानसाले काहून पैसे, म्हने. बोंबलनाऱ्याले एकदा संगं धाडलं. सकाळी सहाले गेलेला गडी रात्री नऊले आला, मंग चूप बसला.

—

यवतमाळ. आमचं टेनिस बॉल क्रिकेट. पैसे गोळा करणं जमलं नाही म्हणून रक्तदान ठेवलं. 40 नावं आली, 11 परत गेली. कोणी उपाशी आलेलं, कोणाचं हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली. परत गेलेल्यांत आमचा फास्ट बॉलर. तीन ओव्हरनंतर का दमतो ते कळलं. बॅनरवर मात्र 4 हजार गेले, ते अजून खुपतं.

—

(धागा काढणारा) सगळं वाचलं. ताई, तुमचं तर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. आमचा फ्लेक्स छापायला गेला होता, त्यावर तीन पेशंटची नावं होती, फोटोसकट. लगेच फोन लावला. प्रेसवाला म्हणतो, "निघाला जी, आता का करू?" पैसे देऊन आणला आणि मैदानावरच जाळला. गडचिरोलीवाले भाऊ, रात्रीच्या खेपेचं भाडं कसं ठरवलं, किलोमीटरवर की गठ्ठा? आमचा जीपवाला दुप्पट मागतोय.