दातांवरून ओळख पटते म्हणजे नक्की काय जुळवतात?

निशिगंध
बातम्यांत नेहमी येतं की मृतदेह ओळखण्यापलीकडे गेला होता पण दातांवरून ओळख पटली. मला ह्यातलं पहिलं पाऊलच कळत नाही. बोटांचे ठसे गुन्हेगारांचे तरी पोलिसांकडे असतात, दातांचं असं रजिस्टर कुठे आहे? म्हणजे समोर एक जबडा आहे आणि तो कुणाचा हे माहीतच नाही, तर जुळवणार कशाशी? दुसरं म्हणजे निर्भया केसमध्ये चावल्याच्या खुणांवरून आरोपी ओळखले असं वाचलं होतं, ते इतकं पक्कं असतं का?

विचारायचं कारण असं की आमच्या शेजारचे एक काका गेल्या वर्षी घरातून निघून गेले, त्यांना विसरायला होत होतं, अजून पत्ता नाही. मिसिंगच्या तक्रारीत फोटो, कपडे, उंची, अंगावरचे तीळ सगळं लिहून घेतलं, दातांबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. काकू रोज वाट बघतात. त्यामुळे कुणी जाणकार असेल तर जरा सविस्तर सांगा, प्लीज.

दाढदुखी_डॉक्टर
निशिगंध, प्रश्न अगदी मुळाला धरून आहे. मी ओरल पॅथॉलॉजी, म्हणजे तोंडाच्या आजारांचं शास्त्र, शिकवते, फोरेन्सिकचा भाग आमच्याच विषयात येतो, म्हणून लिहिते.

आपल्याकडे सगळ्या लोकांच्या दातांचा असा एक डेटाबेस नाही. त्यामुळे जबडा मशीनमध्ये घातला आणि नाव बाहेर आलं असं काही होत नाही, आधी संशयित नाव लागतं. म्हणजे हा मृतदेह अमुक माणसाचा असू शकेल असं पोलिसांना वाटतं, मग त्या माणसाचं जिवंतपणीचं रेकॉर्ड मागवायचं आणि समोरासमोर ठेवायचं. मोठ्या दुर्घटनेत इंटरपोलच्या पद्धतीने काम होतं तेव्हाही तेच असतं, एक टीम घरच्यांकडून आणि डेंटिस्टकडून माहिती गोळा करते, दुसरी शवागारात तपासते आणि तिसरी दोन्ही जुळवते. इंटरपोल तीनच गोष्टींना ओळखीचा पक्का आधार मानतं, बोटांचे ठसे, डीएनए आणि दात.

नाव अजिबातच माहीत नसेल तर दातांवरून यादी लहान करता येते. मूल असेल तर वय बऱ्यापैकी नेमकं निघतं, कारण पहिली कायमची दाढ साधारण ६ व्या वर्षी येते, दुसरी १२ च्या आसपास, आणि हिरडीच्या आत मूळ किती तयार झालंय ते एक्सरेत दिसतं. मोठ्या माणसाचं वय काढणं अवघड जातं. १९५० मध्ये गुस्टाफसन नावाच्या स्वीडिश संशोधकाने दाताची झीज, मुळाचा पारदर्शकपणा, आतल्या पोकळीचं आकसणं अशा ६ बदलांवरून वय काढायची पद्धत दिली, ती अजून शिकवतो, पण उत्तरात काही वर्षांचा फरक धरूनच चालावं लागतं. शिवाय दात बघून तंबाखू-मशेरी कळते, फ्लोराइड जास्त असलेल्या पाण्याच्या भागात लहानपण गेलंय का ह्याचा अंदाज येतो, महागडी कॅप असेल तर माणूस शहरात उपचार घेत होता का तेही कळू शकतं. ह्यातून नाव निघत नाही, पण ३०० मिसिंगमधून ५ बाजूला काढता येतात.

आता खरं जुळवणं कसं असतं ते सांगते. समजा खालच्या उजव्या पहिल्या दाढेचं, आम्ही तिला ४६ नंबर म्हणतो, रूट कॅनाल झालंय. मुळात गटापर्चा नावाचं जे गुलाबीसर, रबरासारखं भरतात ते एक्सरेत पांढरं दिसतं आणि प्रत्येक डॉक्टरच्या हाताने ते वेगळं बसतं, कुठे टोकाच्या अलीकडे थांबतं, कुठे शेपटीसारखं मुळाबाहेर येतं. जुना एक्सरे घ्यायचा आणि सापडलेल्या जबड्याचा एक्सरे बरोब्बर त्याच कोनातून काढायचा, कोन थोडा चुकला तरी मुळं लांब-आखूड दिसतात म्हणून ५-६ वेळा काढावा लागतो. मग ती शेपटी, कॅपची कड, शेजारच्या दाताचं वाकडं मूळ, हाडातल्या बारीक रेषा, सगळं एकावर एक बसतं का बघायचं. एकही न पटणारा फरक सापडला, म्हणजे रेकॉर्डमध्ये दाढ काढलेली आहे आणि मृतदेहात ती जागेवर आहे, तर विषय संपला, तो माणूस तो नाहीच. उलट आधी दाढ होती आणि आता नाही हे चालतं, मधल्या काळात काढली असेल.

आणि दातच का, तर इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. जळालेल्या, पाण्यात कुजलेल्या देहात बाकी काही उरत नाही तेव्हा मागच्या दाढा गाल आणि जिभेच्या आडोशाने टिकतात, आणि दाढेच्या आतल्या गाभ्यातून डीएनएही मिळू शकतो.

कोकणकडा
डॉक्टर, मस्त लिहिलंत. कवळीचा विषय निघालाच नाही म्हणून भर घालतो, कारण मला ही जुनी केस फार महत्त्वाची वाटते.

१९४९, इंग्लंड. जॉन हेग नावाचा माणूस, त्याने एका ६९ वर्षांच्या विधवा बाईला क्रॉलीतल्या आपल्या वर्कशॉपवर नेऊन गोळी घातली आणि प्रेत सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या पिंपात टाकलं. त्याची पक्की समजूत होती की प्रेतच नाही तर खुनाचा खटला उभा राहणार नाही, आणि पोलिसांना त्याने तसं तोंडावर सांगितलंही. पॅथॉलॉजिस्ट कीथ सिम्पसन यांनी तिथला चिखल-गाळ चाळून काढला, त्यात पित्ताचे खडे सापडले, हाडांचे तुकडे सापडले आणि अ‍ॅक्रिलिकची कवळी जवळजवळ अख्खी सापडली, कारण अ‍ॅसिडने ती विरघळली नव्हती. त्या बाईंची डेंटिस्ट होती हेलन मेयो, तिने आपल्याकडच्या रेकॉर्डवरून कोर्टात सांगितलं की ही कवळी मीच बनवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेगला फाशी झाली.

त्याच्याही १०० वर्षं आधी, १८४९ लाच, बोस्टनमध्ये डॉ. पार्कमन खून प्रकरणात भट्टीत सापडलेले नकली दात डेंटिस्टने साच्यावर बसवून दाखवले होते. प्रत्येक वेळी दातांबरोबर ते बनवणारा, किंवा त्याने जपून ठेवलेला साचा, हवाच.

अ‍ॅड_देवगिरी
ओळख पटवण्याबद्दल डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. पण चावल्याच्या खुणा हे वेगळं प्रकरण आहे आणि दोन्ही एकाच तराजूत घालू नयेत असं मला फार मनापासून वाटतं, मी फौजदारी प्रॅक्टिस करते म्हणून जास्तच.

रे क्रोन नावाच्या माणसाची केस वाचा. अमेरिकेत फिनिक्सला १९९१ मध्ये एका बारमधल्या बाईचा खून झाला, अंगावर चावल्याच्या खुणा होत्या. क्रोनचे पुढचे दात वेडेवाकडे, पोलिसांनी त्याला फोमच्या कपावर चावायला लावलं, तज्ज्ञाने कोर्टात सांगितलं की खुणा जुळतात आणि १९९२ मध्ये फाशीची शिक्षा झाली. १९९६ ला पुन्हा खटला चालला तरी पुन्हा दोषी. शेवटी २००२ मध्ये मृत बाईच्या कपड्यांवरच्या लाळेचा डीएनए तपासला तर तो दुसऱ्याच माणसाचा निघाला, जो आधीच तुरुंगात होता. १० वर्षं गेली हो त्या माणसाची, त्यातला काही काळ फाशीच्या कोठडीत. आणि ज्युरीसमोर बोलणारा माणूस पांढऱ्या कोटातला तज्ज्ञ होता.

कातडी ताणली जाते, सुजते, रंग बदलतो, चावताना समोरचा माणूस झटापट करत असतो. प्लॅस्टरच्या साच्यात दात जसे उमटतात तसे अंगावर उमटत नाहीत. २००९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने ह्यावर कडक शब्दांत लिहिलं, २०१६ मध्ये टेक्सासच्या फोरेन्सिक सायन्स कमिशनने असा पुरावा कोर्टात आणणं तूर्त थांबवा अशी शिफारस केली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्याच एनआयएसटी ह्या मोजमापं आणि मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने सांगितलं की ह्या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय पाया नाही. टेड बंडी ह्या अमेरिकन सीरियल किलरच्या १९७९ च्या खटल्यात चाव्याच्या खुणांचा पुरावा गाजला, त्यामुळे सगळ्या जगाला वाटायला लागलं की चावा म्हणजे सही.

आता निर्भया. त्यात आरोपींच्या दातांचे साचे आणि हॉस्पिटलमध्ये काढलेले जखमांचे फोटो धारवाडच्या एसडीएम डेंटल कॉलेजच्या डॉ. अशित आचार्य यांच्याकडे तुलनेसाठी गेले होते, त्यांचा रिपोर्ट दोन आरोपींकडे बोट दाखवत होता आणि सुप्रीम कोर्टाने ५ मे २०१७ च्या निकालात त्याची दखल घेतली. पण त्या केसमध्ये डीएनए होता, मुलीचे मृत्यूपूर्व जबाब होते, सीसीटीव्ही होता, तिच्या मित्राची साक्ष होती. चाव्याचा पुरावा ह्या सगळ्याच्या जोडीला होता. त्या एकट्यावर केस उभी असती तर मी स्वतः उभी राहून उलटतपासणी घेतली असती, गुन्हा कितीही घृणास्पद असला तरी.

दाढदुखी_डॉक्टर
वकीलताई, बऱ्याच अंशी मान्य. आमच्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगते की चाव्यावरून माणूस वगळता येतो, म्हणजे खुणेत दोन पुढच्या दातांत मोठी फट आहे आणि संशयिताच्या तोंडात तशी फटच नाही तर तो बाजूला. "हाच तो" असं छातीठोक म्हणू नये.

पण म्हणून चाव्याची जखम दुर्लक्षित करायची असंही नाही, कारण तिथे लाळ असते. जखम धुवायच्या आधी एक ओला स्वॅब फिरवायचा, मग त्याच जागी कोरडा, आणि दोन्ही वाळवून डीएनएला पाठवायचे. फोटो काढताना शेजारी एल आकाराची मोजपट्टी ठेवायची आणि कॅमेरा कातडीला काटकोनात. कॅज्युअल्टीमध्ये रात्री दोन वाजता मुलगी येते, नर्स आधी जखम स्वच्छ करते, तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही, तिला कुणी शिकवलेलंच नसतं, पण तिथेच सगळ्यात चांगला पुरावा पाण्याबरोबर जातो. मला ह्या गोष्टीचा जीव तळमळून राग येतो. डेंटल कॉलेजं गावोगावी आहेत, प्रत्येक सरकारी दवाखान्यात एक दिवसाचं ट्रेनिंग द्यायला काय हरकत आहे?

खाकीतला_निवृत्त
निशिगंध, तुमच्या काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी खात्यात होतो, एडीआरची, म्हणजे अकस्मात मृत्यूंच्या नोंदींची, पुष्कळ कामं केली. बेवारस प्रेत सापडलं की अकस्मात मृत्यूची नोंद होते, इन्क्वेस्ट पंचनामा होतो, आणि शोधपत्रिकेत काय लिहितात तर रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट, अंगात निळा शर्ट. ४ दिवस पाण्यात राहिलेल्या प्रेताचा रंग आणि चेहरा कसला उभट. दातांचं लिहिलंच तर "दात शाबूत" एवढंच. त्यात कॅप आहे का, कुठला दात नाही, कवळी आहे का, कुणी बघत नाही कारण फॉर्ममध्ये तशी जागा नाही आणि बघणाऱ्याला नंबर कळत नाहीत. पोस्टमार्टेमच्या वेळी डेंटल सर्जनला बोलावलं असं माझ्या नोकरीत क्वचितच बघितलं. आता १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फोरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जायचं असं आलंय, पण बेवारस प्रेतात गुन्हाच दाखल नसतो, त्यामुळे त्याला ते लागू होत नाही.

तुम्ही एक करा. काका कुठल्या डेंटिस्टकडे जायचे ते काकूंकडून काढा, तिथून केसपेपर आणि एक्सरे मागा, आणि साध्या अर्जाला जोडून तपास अधिकाऱ्याकडे द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात लिहा की हे मिसिंगच्या नोंदीला जोडावं आणि जिल्ह्याबाहेर कळवताना सोबत जावं. कुणी नाही म्हणणार नाही.

मैथिली_पुणे
एक शंका. लोक डेंटिस्टकडे गेलेच नसतील तर? माझ्या आजोबांनी आयुष्यात दवाखाना बघितला नाही, बाभळीची काडी आणि मीठ.

दाढदुखी_डॉक्टर
मैथिली, २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये हेच झालं. परदेशी पर्यटकांची ओळख मोठ्या संख्येने दातांवरून पटली कारण स्वीडन, जर्मनीसारख्या देशांतून त्यांचे एक्सरे आणि चार्ट आले, तिथल्या स्थानिक लोकांचं रेकॉर्डच नव्हतं म्हणून त्यांच्यासाठी दातांचा उपयोग फार कमी झाला. दात सगळ्यांनाच होते, कागद थोड्यांचे होते. आपली गावं त्या दुसऱ्या गटात येतात.

अशा वेळी फोटो कामाला येतात. लग्नातला, सहलीतला, हसताना पुढचे दात दिसणारा, जितका जवळून तितका चांगला. सुळा थोडा बाहेर आलाय, एका दाताचा कोपरा तुटलाय, असं काही दिसलं तर तुलना होते. फोटो मूळ साइजमध्ये ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की बारीकसारीक जातं. आणि दातांचं काहीच नसेल तर दाढेतला डीएनए काढून मुलाच्या किंवा भावंडाच्या रक्ताशी ताडता येतो. जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या विमान अपघातात ओळख मुख्यतः डीएनएवरूनच पटवली, नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन. त्याला वेळ लागतो. घरचे बाहेर बाकड्यावर बसलेले असतात तेव्हा एक एक दिवस किती मोठा असतो ते मी जवळून बघितलंय, आणि जुना एक्सरे हातात असेल तर तुलना काही तासांत होऊ शकते.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. काकूंशी आज बोलले. काकांना वरच्या बाजूला काढता-घालता येणारे तीन दात होते आणि डाव्या खालच्या दाढेला कॅप, चार-पाच वर्षांपूर्वीची. डेंटिस्टचा दवाखाना गावातच आहे, उद्या जाते. तिथे नक्की काय मागू? आणि काकूंच्या फोनमध्ये एका एक्सरेचा फोटो आहे, तो चालेल का?

दाढदुखी_डॉक्टर
फोनमधला ठेवा, पण त्यावर अवलंबून राहू नका. दवाखान्यात मूळ फिल्म मागा किंवा डिजिटल असेल तर मूळ फाईल पेनड्राइव्हवर. मोठा, दोन्ही जबड्यांचा ओपीजी काढलेला असेल तर तो आधी मागा. छोटी फिल्म असेल तर तिच्या कोपऱ्यात एक उंचवटा असतो, टिकलीएवढा, त्यावरून डावं-उजवं ठरतं. फोनने काढलेल्या फोटोत फिल्म उलटी धरलेली असू शकते आणि मग डावी दाढ उजवी होऊन बसते, तपासणारा "जुळत नाही" लिहून मोकळा होतो. काकांच्या तीन दातांसाठी माप घेतलं असेल तर त्याचा प्लॅस्टरचा साचा दवाखान्यात किंवा लॅबमध्ये पडला असेल, बहुतेक लोक वर्ष-दोन वर्षांनी फेकतात पण विचारा. लॅबचं नाव आणि कॅप कुठल्या धातूची की सिरॅमिकची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, प्रत्येक कागदावर तारीख आणि त्यांची सही. अडलात तर मला इथेच मेसेज करा, चार्ट नंबरांसकट मी भरून देते, खाकीतल्या काकांनी सांगितलेल्या अर्जाला तो जोडता येईल.