शुक्रवार पेठेतलं जुनं घर, परसात आड, वाळवीला कुठली ट्रीटमेंट करू?

पेठेतली_सून

नमस्कार मंडळी. आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं, भिंती मातीच्या, मधे सागवानी खांब आणि वर तुळया. गेल्या महिन्यात माळ्यावरची ट्रंक काढली तर खालची फळी नुसती पापुद्र्यासारखी हातात आली आणि सासऱ्यांच्या हिशोबाच्या वह्या आतनं सगळ्या खाल्लेल्या, वरचं पुठ्ठं तेवढं शिल्लक. मग बघायला लागले तर सोप्यातल्या दोन खांबांवर मातीच्या नळ्या वर चढलेल्या, देवघराच्या चौकटीला पण.

दोघांना बोलवून दाखवलं. एक म्हणतोय सगळीकडे स्प्रे मारतो, नऊ हजार, एका दिवसात काम. दुसरा म्हणतोय फरशी आणि भिंतीच्या सांध्यात ड्रिल मारून औषध सोडावं लागतंय, बावीस हजार, पाच वर्षांची गॅरंटी. मला पैशापेक्षा दोन गोष्टींची काळजी आहे. सासूबाईंना दमा आहे, साधी उदबत्ती जास्त झाली तरी त्रास होतो. आणि परसात आड आहे, त्याचं पाणी आम्ही अजून वापरतो, नळाला पाणी नसलं की प्यायला पण. घरात चार वर्षांचं पोर आहे. काय करू सांगा, पाऊस सुरू व्हायच्या आत करायचंय.

रंकाळा_७१

ताई, स्प्रेवाल्याला आधी नाही म्हणून सांगा. नळ्यांवर फवारलं की वरच्या चार वाळव्या मरतात, नळ्या वाळून पडतात, आपल्याला वाटतं गेली. तिचं घर जमिनीत असतंय, कधी तुमच्या घराच्या हद्दीबाहेर पण, तिथनं ती दुसरी वाट काढून परत येते. आमच्यात दोन वर्षं हेच चाललं होतं, दर उन्हाळ्यात फवारा मारायचा आणि दर दिवाळीत कुठंतरी नवी नळी. रॉकेल, डिझेल ओतणं तर बिलकूल करू नका, मातीच्या घरात आणि देवघरापाशी आगीला आमंत्रण आहे ते.

एक तपासा: नळ्या मातीच्याच आहेत ना? लाकडातनं पिठासारखा भुगा पडत असेल आणि बारीक गोल भोकं असतील तर ते भुंगेरं आहे, वाळवी नव्हे, त्याला जमिनीत औषध सोडून उपयोग नाही.

लाकूडकाम_कोल्हापूर

मी सुतार आहे, तीस वर्षं जुन्या घरांचं काम करतोय, औषधाचं मला कमी कळतं पण लाकडाचं सांगतो. ताई, खांबाखाली तळखडा दिसतोय का? जुन्या लोकांनी खांब कधी सरळ मातीत रोवला नाही, खाली काळ्या दगडाचा तळखडा बसवून त्याच्यावर लाकूड उभं करायचे, म्हणजे लाकडाला ओल लागू नये आणि वाळवी दगडावरनं चढायला लागली तर नळी डोळ्याला दिसावी. सागाचा गाभा वाळवी सहसा सोडून देते, पण बाहेरचा फिका भाग खाते, म्हणून ज्या खांबाला तो भाग राहिलाय तिथं ती आधी जाते.

एक पेचकस घ्या आणि खांबाच्या बुडापासनं वर टोचत या, हातोडीच्या दांड्यानं ठोकत या. जिथं पोकळ वाजतं आणि पेचकस आत जातोय तिथं खडूनं खूण करा. आणि मला सांगा, महापुरानंतर जमीन उचलली का?

पेठेतली_सून

काका, तुम्ही विचारलंत आणि मी जाऊन बघितलं. २०१९ ला घरात कमरेइतकं पाणी होतं, २०२१ ला पण उंबऱ्याच्या वर आलं, त्यानंतर आम्ही मुरमाचा भराव टाकून जमीन दीड फूट उचलली आणि फरशी बसवली. तळखडे सगळे खाली गेले. खांब आता सरळ फरशीतनं वर आल्यासारखे दिसतायत. देवघराची चौकट पण एक वीतभर गाडली गेलीय. गवंड्यानं भराव टाकताना सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे पण आतच टाकले होते, तेव्हा आम्हाला काही वाटलं नाही. दोन खांबांना बुडाशी पेचकस दोन बोटं आत गेला, मन एकदम खाली बसलं.

लाकूडकाम_कोल्हापूर

मग कारण सापडलं. शंभर वर्षं जे लाकूड दगडावर कोरडं उभं होतं ते आता ओल्या मुरमात उभं आहे, आणि शेजारी सेंट्रिंगच्या फळ्यांचं जेवण ठेवलंय. नुसतं औषध मारून हे थांबणार नाही. खांबाभोवती एक एक फूट चौकोन फरशी फोडा, मुरूम काढा, तळखडा परत उघडा करा, भोवतीनं विटांचं कुंडं करून घ्या, म्हणजे वरनं बघता येईल आणि हवा लागेल. फळ्यांचे तुकडे निघतील तेवढे काढा. खांब बुडाशी पोकळ असेल तर तेवढा भाग कापून खाली दगड वाढवता येतो, पण वरच्या तुळईला आधी टेकू लावूनच, हे काम घाईत कुणाकडनं करून घेऊ नका.

शेती_शाळा

औषधाबद्दल मी थोडं लिहितो, शेतीऔषधांच्या दुकानात बरीच वर्षं काढलीत. ड्रिलवाला जे म्हणतोय ती पद्धत बरोबर आहे, बांधून झालेल्या घरांसाठी भारतीय मानक आयएस ६३१३ चा भाग ३ आहे त्यात तीच दिलीय, भिंत आणि फरशीच्या सांध्याला फूटभर अंतरावर १२ मिमीची भोकं, प्रत्येकात साधारण लिटरभर तयार द्रावण, मग भोकं बंद. फरशीखालच्या मातीत औषधाचा सलग पट्टा तयार व्हायला पाहिजे, मधे जागा सुटली की वाळवी तिथनंच येते. पण तुमची भिंत मातीची, त्यात लिटरच्या लिटर पाणी सोडलं तर ती फुगेल. भोकं फरशीत, भिंतीपासनं थोडी सोडून मारायला सांगा, भिंतीत नको.

आता कुठलं औषध. तीन नावं ऐकाल. क्लोरपायरीफॉस २० ईसी, स्वस्त, लिटरला ५० मिली टाकायचं, वास उग्र. दम्याच्या माणसाच्या घरात मी ते देणार नाही, अमेरिकेत घरगुती वापर २००० नंतर जवळपास बंदच केला आणि २०२५ ला ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत पण गेलं. दुसरं इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी, लिटरला २.१ मिली, वास जवळपास नाही, वाळवीला कळत नाही, ती त्यातनं जाते आणि अंगाला लावून बाकीच्यांना देते. घरातल्या कामाला हे चांगलं. पण ते पाण्यात विरघळतंय आणि मातीतनं खाली उतरू शकतं, म्हणून आडाच्या बाजूला नको. तिसरं बायफेंथ्रिन, ते मातीला घट्ट चिकटतं, पाण्यात फारसं विरघळत नाही, पण माशांना फार विषारी.

पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत औषध जाता कामा नये ही खबरदारी मानकातच लिहिलीय. माझं मत विचाराल तर परसाकडच्या बाजूला मातीत कुठलंच औषध सोडू नका. जुन्या काळी लोक बिनधास्त आल्ड्रिन ओतायचे, २००१ च्या स्टॉकहोम करारात ज्या पहिल्या बारा रसायनांवर कारवाई ठरली त्यात ते होतं, आडांजवळ काय काय गेलं असेल याचा विचार करून अजून अंगावर काटा येतो.

रंकाळा_७१

मग परसाकडच्या बाजूला बेट स्टेशन चालतील का? प्लॅस्टिकचे डबे जमिनीत पुरतात ते.

शेती_शाळा

चालतील, आडाजवळ तोच पर्याय बरा. डब्यात लाकडाच्या लगद्यासारखं खाद्य असतं, त्यात कात टाकू न देणारं औषध. कामकरी वाळवी नेऊन सगळ्यांना खाऊ घालते. पण आठवडे, कधी महिने लागतात, दर काही दिवसांनी डबे उघडून बघावे लागतात, आणि आपल्याकडची वारूळ करणारी जी वाळवी बुरशी वाढवून खाते तिच्यावर कधीकधी कमी पडतं. म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

माणूस ठरवताना त्याच्याकडे कीटकनाशक कायदा १९६८ खालचा परवाना आहे का बघा, बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा, लेबल वाचा, आणि गॅरंटीच्या कागदावर किती भोकं, कुठलं औषध, किती लिटर हे लिहून घ्या. नुसतं पाच वर्षं लिहिलेलं काही कामाचं नाही.

पेठेतली_सून

सगळ्यांचे खूप आभार, आज रात्री घरात सगळ्यांना बसवून हे वाचून दाखवलं. ठरलंय असं: आधी काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही खांबांभोवतीचा भराव काढायचा आणि देवघराची चौकट मोकळी करायची, मग सोपा, माजघर आणि रस्त्याकडच्या बाजूला इमिडाक्लोप्रिडची ड्रिल ट्रीटमेंट, आडाच्या बाजूला फक्त डबे. लाकडात इंजेक्शन द्यायचं असेल तर रॉकेलात कालवलेलं नको, पाण्यात कालवलेलंच असं सांगणार. सासूबाईंना आणि पोराला त्या आठवड्यात माझ्या माहेरी गडहिंग्लजला पाठवते. परसातला सरपणाचा ढीग भिंतीला टेकून होता, तो आजच उचलून बाजूला लावला, खाली नळ्याच नळ्या होत्या.

काका, एकच विचारायचंय, एक खांब माजघराच्या मधोमध आहे, त्याच्यावरच मोठी तुळई टेकलीय. तिथला भराव काढताना टेकू दोन बाजूंनी लावला तर पुरेल का?

लाकूडकाम_कोल्हापूर

पुरेल, पण टेकूच्या बुडाला आणि डोक्याला जाड फळी द्या, फरशीवर नुसता खांब उभा करू नका, भराव दबतो. आणि चौकोन एकदम चारी बाजूंनी फोडू नका, एक बाजू मोकळी करून बघायची, मग दुसरी. फोटो टाका भराव काढल्यावर, तळखड्याला चीर नाही ना ते बघून पुढचं सांगतो.