मदत हवी आहे: लिंबाखाली लावलेल्या कास्ट आयर्नची पानं करपायलीत

निंबोळी_लातूर
घरामागं उत्तरेच्या अंगाला मोठा लिंब आहे. त्याच्याखाली काही म्हणून टिकत नाही, उन्हाळ्यात नुसती धूळ आणि पाचोळा. लई शोधून पुण्याहून कास्ट आयर्न प्लांटची, म्हणजे आस्पिडिस्ट्राची, तीन रोपं मागवली. पांढऱ्या पट्ट्यांची. कोरड्या सावलीत हे मरतच नाही असं जिथं तिथं लिहिलंय. माझी मरायलीत. टोकाकडून करपत करपत पान अर्ध्यावर आलं. पाणी वेळेवर आहे, ऊन नाही, कीड नाही. एका रोपाला दोनच पानं उरलीत. काय करू, लवकर सांगा.

भावड्या९०
फोटो टाका ताई.

निंबोळी_लातूर
फोटो चढंना. टोकं करपलीत, तपकिरी झालीत. फोटोत तेच दिसंल.

अंगणातला_माळी
कुंडीत का जमिनीत? लावून किती दिवस झाले? पाणी किती?

निंबोळी_लातूर
जमिनीतच हो. कुंडी असती तर उचलून दुसरीकडं नसती ठेवली? दिवाळीनंतर लावली. रोज प्रत्येकी एक तांब्या पाणी, न चुकता.

बागवेडा_पुणे
लिंबावर खैऱ्या पडला असणार. पानावर खडबडीत डाग दिसतात. एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा, रोगट फांद्या छाटून जाळा. माझ्या कागदी लिंबावर हाच त्रास होता, आता फळांनी वाकलंय.

भावड्या९०
दादा, आमच्याकडं लिंब म्हणजे कडुलिंब. तुमचं ते लिंबू.

बागवेडा_पुणे
मग तसं लिहायचं ना. असो, बोर्डो दोन्हीकडं चालतं.

तेरणाकाठ
कडुलिंबाखाली काहीच येत नसतं. त्याचा पाला कडू, जमीन कडू करून टाकतो. झेडझेड प्लांट लावा, विषय संपला. माझ्याकडं जिन्याखाली चार वर्षं आहे, महिन्याला एकदा पाणी.

अंगणातला_माळी
काहीच येत नाही कसं? आमच्या वाड्यात लिंबाखाली अडुळसा आहे, सापकांडा आहे. पाल्याचं काही नाही, लिंबाच्या मुळ्या वरच्या थरातलं पाणी ओढून घेतात, तिथं बाकीच्यांची उपासमार होते. आणि तुमचा झेडझेड जिन्याखाली कुंडीत आहे, लिंबाखाली नाही.

तेरणाकाठ
अनुभव सांगितला. पटत नसंल तर सोडून द्या.

वास्तू_मित्र
उत्तरेला टोकदार पानांची झाडं लावू नयेत.

मुरूम_परभणी
सगळे लिंबाच्या मागं लागलेत. ताई, ते पाणी कुठलं आहे?

निंबोळी_लातूर
बोअरचं. म्हणजे सरळ बोअरचं नाही, आरओमधून जे वाया जातं ते. २०१६ पासून आमच्या घरातून एक तांब्या पाणी फुकट मोरीत जात नाही.

भावड्या९०
२०१६! दुष्काळात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती तेव्हा. दहा टाक्यांची पहिली गाडी बघायला आम्ही स्टेशनवर गेलतो. पोलीस आत सोडत नव्हते.

तेरणाकाठ
आणि आता त्याच लातुरात गाड्या पाइपनं धुवायलेत.

मुरूम_परभणी
गाड्यांचं नंतर. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती?

निंबोळी_लातूर
फिल्टरवाल्यानं १४०० सांगितला होता.

मुरूम_परभणी
एक ग्लास शुद्ध पाण्यामागं तीन ग्लास बाहेर पडत असतील, तर त्या एका ग्लासातले क्षारसुद्धा त्या तिनातच येतात. म्हणजे १८५० च्या आसपास. सहा महिने रोज तेच, आणि पाऊस नाही की धुऊन जाईल. एक करा, खुरप्यानं रोपाच्या बुडाशी दोन बोटं उकरून बघा आणि काय दिसतं ते लिहा.

निंबोळी_लातूर
सकाळी उकरलं. वर पापडी, तिच्यावर मिठासारखी पांढरी खर. बोटानं चोळली, जिभेला लावली, खारट. खाली मात्र काळी माती गच्च ओली, शाडूसारखी बोटाला चिकटली, जरा वासही आला. मला वाटायचं कोरडी आहे म्हणून करपतंय, म्हणून मागच्या आठवड्यापासून दोन तांबे करत होते.

मुरूम_परभणी
झालं. वर मीठ, खाली चिखल. टोकं मिठानं जळायलीत आणि कांडं चिखलात कुजायलंय. याचं कांडं हळदीसारखं आडवं, अगदी वरच्या थरात असतं, त्याला काळ्या मातीचा गारा सोसत नाही. आणि ते ‘कोरडी सावली’ परदेशातल्या बागांचं हो. मूळचं झाड जपान-तैवानच्या जंगलातलं, दमट हवेतलं. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच चाळीस असतं.

अंगणातला_माळी
मग आत्ताच उपटून कुंडीत घ्यायचं का?

मुरूम_परभणी
आता या उन्हात सगळी हलवू नका. आजपासून ते पाणी बंद. गोडं पाणी मिळालं तर आठवड्याला एकदा, तेही वरची माती सुकल्यावरच. दोन पानांचं रोप तेवढं आत्ता काढा, कांडं धुवा, मऊ पडलेला भाग कापून टाका, आणि मुरूम व कुजलेला पाचोळा निम्मा-निम्मा भरून कुंडीत लावा. बाकीची दोन मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. तेव्हा जमीन वीतभर उंच करून त्याच मिश्रणावर बसवली तर लिंबाखालीही राहतील. करपलेली टोकं कात्रीनं छाटा, हिरवं कापू नका, हे वर्षाला मोजकीच पानं काढतं.

शेणामाती
जीवामृत द्या, आठ दिवसांत फरक.

मुरूम_परभणी
अजिबात देऊ नका. मुळ्या आजारी असताना खत कशाला? बऱ्या झाल्यावरही जास्त दिलंत तर पांढरे पट्टे जाऊन पान नुसतं हिरवं होईल, मग एवढ्या हौसेनं आणलं कशाला?

निंबोळी_लातूर
बरं. पण ते आरओचं पाणी आता कुठं टाकू? फेकवत नाही हो.

अंगणातला_माळी
फरशी पुसायला, संडासला. कूलरमध्ये नको, जाळीवर खर बसते.

निंबोळी_लातूर
मधलं रोप काढलं. कांड्याचा एक तुकडा मऊ होता, उरलेलं घट्ट आहे, आणि एका बाजूला बोटभर सुरळी निघालीय, पांढऱ्या रेषेची! कुंडी जिन्याखाली ठेवली. गोड्या पाण्यासाठी एक विचारू का, एसीचं चालतं? शेजाऱ्यांचा एसी आमच्याच भिंतीवर गळतो.

मुरूम_परभणी
चालतं, त्यात क्षार नसल्यातच जमा. बादली लावा.

तेरणाकाठ
आधी शेजाऱ्यांना विचारा. उद्या म्हणतील आमचं पाणी चोरलं.