ल्युब्लियाना : अर्ध्या दिवसाचं गाव? तुमचे अनुभव लिहा

टूरच्या छापील कार्यक्रमात ल्युब्लियानाच्या वाट्याला अडीच तास आले होते, त्यातला पाऊण तास जेवणाचा. आदल्या दिवशी व्हेनिस, पुढे ब्लेडचा तलाव, आणि मधे पाय मोकळे करायला स्लोव्हेनियाची राजधानी! उतरलो, तिहेरी पुलावर ग्रुप फोटो काढला, गुलाबी चर्च पाहिलं आणि नदीकाठच्या झाडांखाली खुर्च्या टाकून बसलेल्या माणसांकडे बघत बघत परत बसमध्ये चढलो. ती माणसं काहीच करत नव्हती. कप कधीचे रिकामे झालेले, पण उठायचं नाव नाही. मला त्यांचा इतका हेवा वाटला, की दोन वर्षांनी नवऱ्याला घेऊन तिथे चार रात्री राहून आले.

वस्ती जेमतेम तीन लाखांच्या घरात. गावाचा मधला भाग २००७ पासून हळूहळू मोटारींना बंद केलाय, त्यामुळे रस्त्यात ऐकू येतात ती माणसं आणि सायकलच्या घंट्या. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी 'कावालिर' नावाच्या विजेच्या छोट्या गाड्या फिरतात. हात केला की थांबतात, पैसे नाहीत. नवऱ्याचा गुडघा दुखायला लागला तो या गाड्या पाहिल्यावरच, असा माझा संशय आहे.

किल्ला आणि ड्रॅगनचा पूल सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांनी अर्ध्या दिवसाहून जास्त मुक्काम केला त्यांनी लिहा. पुढे काय सापडलं? की काहीच नाही?

*

मी शाळेत बत्तीस वर्षं संस्कृत शिकवलं. दरवर्षी एखादा तरी पोरगा उठून विचारायचाच, "बाई, एकवचन आहे, अनेकवचन आहे, मग हे द्विवचन मधे कशाला?" मी उत्तर द्यायचे, पण खरं सांगते, माझं मलाच ते पटायचं नाही. मराठीने कधीच टाकून दिलं, आपलं काही अडलं का?

मुलगा नोकरीनिमित्त वर्षभर ल्युब्लियानात होता, म्हणून आम्ही दोघं महिनाभर गेलो. तो कामावर जाताना चिठ्ठीवर देवनागरीत लिहून ठेवायचा. पहिल्या दिवशी कॉफी मागायला : 'द्वे कावी, प्रोसिम.' मी म्हटलं, द्वे? 'द्वे फले' मधलं द्वे? शेजारच्या टेबलावर तिघं बसले होते, त्यांनी मागितली 'त्री कावे'. मी कान टवकारले. एक असेल तर कावा, दोन कावी, तीन कावे. संध्याकाळी मुलाला धरूनच बसवलं. त्याने ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावून दिला. ती म्हणाली, आमच्याकडे दोनासाठी वेगळं रूप आहेच, शाळेतलं लहान पोरही चुकत नाही. पुल्लिंगाला 'द्वा', स्त्रीलिंगाला आणि नपुंसकलिंगाला 'द्वे'. आपलं द्वौ आणि द्वे! पुढचं ऐकून तर मी वहीच काढली. 'आपण दोघं जाऊ' हे 'ग्रेवा', आणि तिघं किंवा जास्त असू तर 'ग्रेमो'. गच्छावः, गच्छामः. तोच व आणि तोच म, भाजीबाजारात रोज बोलला जाणारा.

मग मला नादच लागला. अग्नी म्हणजे ओगेन्य. धूर म्हणजे दीम, आपला धूम. मध म्हणजे मेद. अस्वलाला मेदवेद म्हणतात, तो मूळचा मध खाणारा, मधु आणि अद्. विधवा ती व्दोवा. आणि सून? 'स्नाहा'! स्नुषेपासून आपली सून झाली, त्यांची स्नाहा राहिली. हे मी सुनेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, तिथेही मलाच शोधलंत.

ह्यांना हे सगळं कौतुकाने ऐकवलं. कॉफीचा घोट घेऊन म्हणाले, "एकत्र कुटुंबात अकरा माणसांत संसार केला आपण. द्विवचन वापरायची वेळ आली कुठे?" मग महिनाभर घराबाहेर पडताना न चुकता दारातून हाक यायची : "ग्रेवा?"

*

बाईंच्या प्रतिसादाला जोडून. तिहेरी पुलाजवळच्या चौकातला पुतळा प्रेशेरेनचा, तो कवी (१८००–१८४९). सेनापती नाही, राजा नाही. त्याचं युलिया नावाच्या श्रीमंत घरच्या मुलीवर एकतर्फी प्रेम होतं. पुतळ्याची नजर धरून समोरच्या गल्लीत पाहिलंत तर एका घराच्या भिंतीवर तिचा अर्धपुतळा दिसेल, खिडकीतून डोकावणारा. म्हणजे बिचारा १९०५ पासून रोज तिच्याकडेच बघतोय. ८ फेब्रुवारीला, त्याच्या स्मृतिदिनी, अख्ख्या देशाला सुट्टी असते. दोन युरोच्या नाण्यावर तो, राष्ट्रगीत त्याच्या कवितेतलं कडवं. आपण कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी भाषा दिन करतो, पण शाळेला सुट्टी नाही मिळत!

*

मी मूळचा तासगावकडचा, सध्या जर्मनीत गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात. ल्युब्लियानाला थांबलो तो पाऊस होता म्हणून. किल्ला वर ढगात गेलेला, म्हणून नाइलाजाने शहराच्या संग्रहालयात शिरलो.

तिथे काचेआड एक लाकडी चाक आहे. गावाच्या दक्षिणेला मोठी दलदल आहे, तिथे २००२ साली सापडलं. वय सुमारे ५२०० वर्षं. आसासकट सापडलेलं इतकं जुनं लाकडी चाक जगात दुसरं माहीत नाही. व्यास ७२ सेंटिमीटर, म्हणजे माझ्या गुडघ्याच्या थोडं वर. ॲश नावाच्या झाडाच्या फळ्या जोडून केलेलं, मागे ओकच्या पट्ट्या ठोकलेल्या.

मी अर्धा तास तिथेच. कारण चाकाचं भोक चौकोनी होतं. आमच्या आजोबांची बैलगाडी होती. तिचा आख जागचा हलत नाही, त्याच्यावर तुंब्यात चाक फिरतं, म्हणून वंगणाचा डबा मागे लटकवलेला. लहानपणी ते काळंकुट्ट वंगण अंगाला फासून मार खाल्लाय. इथे उलट! चौकोनी भोकात आस घट्ट बसवलेला, चाक आणि आस दोन्ही मिळून फिरणार, रेल्वेच्या डब्याला असतं तसं. वळणावर आतलं चाक घासत जाणार, कारण दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरावं लागतं. मोटारीत ह्याच दुखण्यावर डिफरन्शियल बसवतात आणि माझं पोट त्याच्यावर चालतं. सुताराला ती अडचण ५२०० वर्षांपूर्वी नक्की जाणवली असणार, पहिल्याच वळणावर.

राखणदार बाई दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी मोबाइलवर आजोबांच्या गाडीचा फोटो दाखवला. धाव बसवलेलं, आऱ्यांचं चाक बघून त्या म्हणाल्या, हे केवढं मोठं! मला उगाच अभिमान वाटला.

किल्ला राहिला तो राहिलाच.

*

एक व्यवहाराचं. रविवारी पोहोचू नका, पोहोचलात तर खायचं सोबत ठेवा. २०२० पासून तिथे रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात, थोडे अपवाद सोडून. हॉटेलं उघडी असतात, पण दोन मुलांसकट तिन्ही त्रिकाळ हॉटेलात कोण जेवणार! आम्ही दिवसभर मेथीचे पराठे आणि गोडा मसाला घातलेला भात खाल्ला. पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम. पिण्याच्या पाण्याचा हक्क २०१६ साली त्यांनी राज्यघटनेतच घातलाय.

*

वेगळा सूर लावते. मला नाही आवडलं, निदान पहिले दोन दिवस. नोव्हेंबर होता. गाव खोलगटात वसलंय, त्यामुळे धुकं सकाळी येतं आणि दुपारपर्यंत हलत नाही. नदीकाठच्या खुर्च्या आवरून ठेवलेल्या. आणि जे दिसलं ते इतकं नीटनेटकं, की दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये फिरल्यासारखं वाटलं. एकटी होते, मराठी बोलायला कोणी नाही, मला घरची आठवण यायला लागली.

तिसऱ्या दिवशी घरमालकीण म्हणाल्या, चालायला जा, तारेच्या वाटेवर. मला वाटलं केबल कार असेल. तार म्हणजे काटेरी तार. दुसऱ्या महायुद्धात इटालियन फौजेने गाव ताब्यात घेतलं, आतल्या लोकांचा बाहेरच्या पार्टिझनांशी, म्हणजे फौजेविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांशी, संबंध तुटावा म्हणून १९४२ साली अख्ख्या शहराला काटेरी तारेचं कुंपण घातलं. इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मन आले, कुंपण तसंच. मे १९४५ पर्यंत. राजधानीचा तुरुंग केला! आता त्या कुंपणाच्या रेषेवर खडी घातलेली पायवाट आहे, तीस-बत्तीस किलोमीटरच्या वर, दोन्ही बाजूंना झाडं.

मी दहाएक किलोमीटर चालले. वाट कुठे शेताच्या कडेने जाते, कुठे वसाहतीच्या मागून, कुठे चक्क पेट्रोल पंपाजवळून. आजी नातवाला घेऊन चाललेल्या, कुत्रे, पळणारी पोरं. मधेच खांबासारखे दगड, पूर्वीच्या चौक्यांच्या जागी. शोकेसची काच त्या दिवशी निघाली. तरीही नोव्हेंबरात जा असं मी कोणालाही सांगणार नाही.

*

गाडी भाड्याने घेऊन इटलीतून येणाऱ्यांनो, हद्द ओलांडण्याआधी स्लोव्हेनियाच्या महामार्गाचा पास, म्हणजे विन्येट, ऑनलाइन काढा. टोलनाका नसतो, त्यामुळे आपल्याला वाटतं फुकट आहे. गाडी देणाऱ्याने आम्हाला काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दंड ३०० युरोंपासून सुरू होतो. पुढचे तीन दिवस बायको प्रत्येक आइस्क्रीमचा भाव 'दंडाचा कितवा भाग' असा सांगत होती.

*

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असताना गेले, म्हणून फक्त प्लेचनिकबद्दल लिहिते. एकाच माणसाने शहर घडवलं असं आपण सहज म्हणतो, इथे ते जवळपास खरं आहे. १८७२ साली इथेच जन्म, व्हिएन्नात ओटो वाग्नरच्या हाताखाली शिकला, प्रागच्या किल्ल्यावर काम केलं, आणि मग स्वतःच्या गावात येऊन पूल, बाजार, स्मशानभूमी, नदीचे काठ, जे मिळेल ते करत राहिला. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याच्या इथल्या कामाला जागतिक वारशात घेतलं.

तिहेरी पूल म्हणजे मुळात १८४२ चा एक साधा दगडी पूल. गर्दी वाढली. कोणी दुसरा असता तर पाडून रुंद केला असता. ह्याने जुना तसाच ठेवून दोन्ही बाजूंना एकेक पादचारी पूल तिरका जोडला. नुसता नकाशा पाहिला तर काय हा हट्ट, असं वाटतं. चौकातून उभं राहून पाहिलं की पाण्यावर पंखा उघडल्यासारखं दिसतं.

राष्ट्रीय ग्रंथालयात मात्र मी रडले, हे वर्गात कोणाला सांगितलं नव्हतं. दाराच्या मुठीला घोड्याचं डोकं. आत शिरलं की अंधारा जिना, दोन्हीकडे काळपट दगडाचे मिळून ३२ खांब, आणि वर चढत जाल तसा उजेड. अज्ञानातून ज्ञानाकडे वगैरे कल्पना कागदावर वाचली असती तर मी हसले असते. दमलेल्या पायांनी चढले म्हणून पटली.

*

मेतेल्कोवाला कोणी गेलं नाही का? स्टेशनजवळच आहे. आधी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याच्या बराकी, मग युगोस्लाव्ह सैन्याच्या. सैन्य गेलं, पाडापाडी सुरू झाली तेव्हा १९९३ मध्ये कलाकार आणि विद्यार्थी घुसून बसले, ते आजपर्यंत. आवारातच जुना लष्करी तुरुंग आहे, त्याचं हॉस्टेल केलंय. मी गज लावलेल्या कोठडीत झोपलो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तिने पहिला प्रश्न विचारला, "काय केलंस तू?"

*

सासूबाई शाकाहारी, कांदा-लसूण चालतो, अंडं नाही. ल्युब्लियानात त्यांचं कसं होणार ही मला मुंबईपासून चिंता. शुक्रवारी बाजाराच्या चौकात 'ओद्प्र्ता कुह्ना' भरतं, म्हणजे उघडं स्वयंपाकघर. मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस नसला तर. शहरातली हॉटेलं तिथेच चुली मांडतात. मी प्रत्येक ठेल्यावर जाऊन "अंडं आहे का" विचारत होते आणि सासूबाई माझ्यामागे उभं राहून वासावरूनच निकाल देत होत्या.

'श्त्रुक्ली' नावाचा प्रकार मिळाला. पातळ पोळीत ताज्या चीजचं सारण भरून गुंडाळी, मग उकडतात. बहुतेकांत अंडं असतंच, म्हणून तो मी खाल्ला आणि त्या बघत राहिल्या. त्यांना शेवटी भुरभुरीत उकडलेलं पीठ आवडलं. मोदकाची उकड बिघडली की होते तसं. कुट्टूचं होतं. मी म्हटलं, हे उत्तरेत उपासाला चालतं. त्या म्हणाल्या, "मग आज चतुर्थी समज," आणि दुसरी वाटी आणायला लावली.

जाता जाता, ड्रॅगनच्या पुलाला गावातले काही लोक गमतीने 'सासूबाई' म्हणतात. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

बाईंना प्रश्न. आम्ही पाच मैत्रिणी सप्टेंबरात जातोय. पाच कॉफी कशी मागायची? आणि आमच्यातली एक चहावाली आहे.

*

'पेत काव.' पाचापासून पुढे षष्ठीचं अनेकवचन येतं, रूप आखूड होतं. चहावाली धरून पाच असाल तर चारच कॉफी, म्हणजे 'श्तीरी कावे'. तिच्यासाठी नुसतं 'चाय' म्हणू नका, गुलाबी रंगाचं फळांचं गरम पाणी येईल. 'प्रावी चाय' म्हणायचं, म्हणजे खरा चहा. दूध वेगळं मागा, आणि ते थंड येईल हे तिला आधी सांगून ठेवा.